पूर्ण मेला, पूर्ण उठला

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये येशू ख्रिस्त खरोखर मेला होता की नाही, यावर एकोणीस वर्षं वाद चालला. दर वर्षी काजूच्या दिवसांत तो पेटायचा आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी विझायचा. एका बाजूला जीवशास्त्राचे सर आणि दुसऱ्या बाजूला आम्ही बाकीचे सगळे. सर एकदाही हरले नाहीत. जिंकलेही नाहीत, पण ते त्यांना सांगायला कोणी गेलं नाही.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आजी, आमच्या वर्गात डिबेट आहे, येशू मेल्यावर उठला का, आणि मला ‘नाही’ची बाजू मिळालीय. तुझ्याकडे पॉइंट्स आहेत का?" आहेत, पुष्कळ आहेत. पण ते सगळे ज्या माणसावर आपटून फुटले तो माणूस तुला आधी कळायला हवा. म्हणून फोनवर न सांगता लिहिते आहे. धाकट्यालाही वाचून दाखव.

आधी एक सांगून ठेवते. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. पण "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" हे जे वाक्य तुम्ही मुलं इतक्या सहज बोलता, ते मी सरांच्या ओळखीनंतर सोडून दिलं. सरांसमोर एकदा एका पाहुण्या व्याख्यात्याने ते वाक्य टाकलं होतं. सर उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करा, आम्ही एकच सांगत नाही. आम्ही सांगतो एक मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी चालू लागला. तुम्ही हे सांगत असाल तर हात वर करा." व्याख्यात्याने पाणी मागितलं.

सर किडकिडीत होते. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, वरचं बटणसुद्धा लावलेलं. पेडण्यातल्या ख्रिस्ती माणसाचं मराठी आमच्यासारखंच असतं, थोडं कोंकणीत बुडालेलं. पण सरांनी ते क्रमिक पुस्तकातून घटवलं होतं, त्यामुळे ते परिपत्रकासारखं बोलायचे. राग आला की मात्र कोंकणी. आम्ही शिक्षक त्यांचा राग भाषेवरून ओळखायचो.

प्रयोगशाळेत एक खरा सांगाडा होता, फार जुना, तारांनी बांधलेला. मुलं त्याला टोपणनाव ठेवायला गेली की सर छडी आपटत. "हा माणूस होता. त्याला नाव होतं. आपल्याला माहीत नाही एवढंच." दुपारचा डबा ते त्याच्याशेजारी बसून खात.

‘गेले’, ‘वारले’, ‘देवाज्ञा झाली’ हे शब्द त्यांना चालत नसत. स्टाफरूमच्या फळ्यावर कुणाच्या वडिलांची वगैरे बातमी लागली की सर लाल पेनाने दुरुस्ती करत, जणू निबंध तपासत आहेत. ‘दुःखद निधन झाले’ खोडून वर ‘मेले’. यावरून दोनदा भांडणं झाली. मी म्हटलं, "सर, लोकांना लागतं." ते म्हणाले, "टीचर, लागायलाच हवं. कुठे गेले? म्हापशाला गेले? संध्याकाळच्या बसने येतील? मेलेल्या माणसाला मेला म्हटलं नाही तर पुढचं सगळंच खोटं होतं."

हे त्यांचं मुख्य सूत्र होतं. पूर्ण मेला, तरच पूर्ण उठला. अर्धा मेला असेल तर उठण्यात विशेष काय? झोपेतून रोज आपण सगळे उठतो.

वादातला त्यांचा कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे गणिताचे परब. ते सातार्ड्याहून, म्हणजे नदीपलीकडून, मोटरसायकलवर यायचे आणि मालवणीच बोलायचे. परबांना धर्मात रस नव्हता. सरांना डिवचण्यात होता. त्यांची बाजू ठरलेली.

"सर, तुमचो येशू मेलोच नाय. बेशुद्ध पडललो. थंड गुहेत ठेवल्यानी, तेका बरा वाटला, नि चलत चलत काश्मिराक गेलो. थय तेची समाधी आसा. माझ्या मेव्हण्यान बघितल्यान."

"तुमचा मेव्हणा काश्मीरला काय करायला गेला होता?"

"हनिमूनाक."

"मग त्याने काय बघितलं असेल ते देव जाणे." सर डबा बंद करत. "परब, पायांत खिळे ठोकलेला माणूस इथून म्हापशापर्यंत चालत नेऊन दाखवा. काश्मीरचं नंतर बघू."

मग ते उठून जीवशास्त्र सुरू करत. क्रुसावर माणूस रक्त वाहून मरत नाही, श्वास कोंडून मरतो. हात वर ताणलेले, छाती फुगलेली. श्वास आत जातो, बाहेर टाकायला पायांवर जोर देऊन वर उचलावं लागतं, आणि पायांत खिळा. एकदा हे सगळं त्यांनी नववी ‘ब’च्या फळ्यावर रंगीत खडूंनी काढलं, फुफ्फुसं, बरगड्या, बाण, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘उच्छ्वास अशक्य.’ त्याच आठवड्यात माझ्याकडे दोन तक्रारी आल्या. मी तेव्हा नुकती मुख्याध्यापिका झाले होते. एका पालकाचं म्हणणं, सर वर्गात धर्म शिकवतात. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पाद्रींचं म्हणणं, सर धर्माचा जीवशास्त्राचा तास करतात. मी नियमाप्रमाणे लेखी खुलासा मागितला. तो आला तो असा: ‘विषय: श्वसनसंस्था. उदाहरण: ऐतिहासिक. विद्यार्थ्यांना समजले: होय. परीक्षेत येईल: नाही.’ मी तो फाइल केला. त्या नोकरीत आलेला इतका नेटका खुलासा दुसरा नाही.

आता तुझे मुद्दे. परब कधी बाजू बदलायचे, शिष्यांनी मढं चोरलं म्हणायचे. सर म्हणायचे, "चोर पकडला गेला की माल टाकून पळतो. मालासाठी मरत नाही. हे सगळे त्या मालासाठी मेले."

मी म्हणायचे, "सर, खोट्या गोष्टींसाठी माणसं मरतात की. इतिहास भरलाय."

"दुसऱ्याने सांगितलेल्या खोट्यासाठी मरतात, टीचर. स्वतः रचलेल्या खोट्यासाठी कोण मरतो?"

मी म्हणायचे, चौघांनी लिहिलेल्या चार हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत थडग्याशी एक बाई जाते, दुसरीत तीन. यावर ते फार खूश व्हायचे. "चार मुलांनी शब्दाला शब्द सारखी उत्तरपत्रिका लिहिली तर तुम्ही काय म्हणता? कॉपी. जुळत नाहीत म्हणून तर मी मानतो."

आणि त्यांचा हुकमी मुद्दा बायकांचा. "त्या बायका पहाटे थडग्यावर गेल्या त्या सुगंधी तेलं घेऊन. मढ्याला लावायला. तो उठेल असं वाटलं असतं तर रिकाम्या हाताने गेल्या असत्या. आणि त्या काळी बायकांची साक्ष कोणी धरत नसे. गोष्ट रचणारा माणूस बायकांना पहिल्या साक्षीदार करील? तो एखादा पोलीस पाटील उभा करील."

मला हे तेव्हाही पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. जुळत नसलेल्या उत्तरपत्रिका सगळ्याच चुकीच्याही असू शकतात. हे मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "असू शकतात. पण तुम्ही शून्य द्यायच्या आधी वाचता ना?" हे मात्र तू तुझ्या डिबेटमध्ये लक्षात ठेव. शून्य देण्याआधी वाचायचं.

सर आम्हालाच छळत असं नाही. त्यांच्या स्वतःच्या इगर्जीलाही त्यांनी सुख दिलं नाही. एका ईस्टरला नवीन तरुण पाद्रींनी प्रवचनात सांगितलं की पुनरुत्थान म्हणजे तो आपल्या हृदयात जिवंत आहे. सर तिसऱ्या बाकावरून उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हृदयाला चार कप्पे असतात, पाद्री. माणूस मावेल असा त्यांत एकही नाही." हे आम्हाला दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने सांगितलं, डोक्याला हात लावून.

त्यांची बायको गावची शिवणकाम करणारी. शाळेचे गणवेश, लग्नाचे फ्रॉक, ब्लाउज, सगळं तिच्याकडे. आम्ही सगळ्या तिला आंटी म्हणायचो, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्यासुद्धा. मूलबाळ नव्हतं. सर बोलत असले की ती तोंडात टाचण्या धरून ऐकायची, म्हणजे उत्तर द्यायला नको.

त्यांच्या गावात गुड फ्रायडेला येशूची लाकडी मूर्ती क्रुसावरून खाली उतरवतात. खांद्यांत बिजागऱ्या आहेत, त्यामुळे हात खाली घेता येतात. मग ती पालखीसारख्या तिरडीवर निजवून गावातून मिरवतात. त्या दिवशी घंटा वाजवत नाहीत, लाकडी खुळखुळा फिरवतात. मी आणि परब एका वर्षी बघायला गेलो होतो. परत येताना परब मला म्हणाले आणि सोमवारी सरांनाही म्हणाले, "सर, तुमचीच माणसा तेका मेललो मानणत नाय. उशी कित्याक दिल्यानी?"

खरंच, मूर्तीच्या डोक्याखाली जांभळी मखमली उशी होती, कडेला सोनेरी झालर. आंटीने शिवलेली.

पुढच्या गुड फ्रायडेला सरांनी मिरवणूक निघायच्या आधी ती उशी काढली. बायकांनी परत ठेवली. त्यांनी परत काढली. शेवटी आंटी आली, नवऱ्याच्या हातातून उशी ओढून घेतली आणि कोंकणीत म्हणाली, "मेल्लो जाल्यार कितें जालें? मान अवघडता." मेला म्हणून काय झालं, मान अवघडते. उशी राहिली. सर घरी दोन दिवस बोलले नाहीत, आणि आंटीच्या म्हणण्याप्रमाणे ते तिच्या लग्नानंतरचे सर्वांत शांत दोन दिवस होते.

तुमचे आजोबा गेले... पाहा, मीही तेच लिहिते आहे. तुमचे आजोबा मेले तेव्हा तुमची आई अकरावीत होती. चौदा दिवसांनी मी शाळेत परतले. सगळे येऊन बोलून गेले, देवाची इच्छा, सुटले, शांत झाले. सर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, तुमचे मिस्टर मेले. मला फार वाईट वाटलं." चौदा दिवसांत मी पहिल्यांदा तेव्हा रडले, ऑफिसात, शिपायासमोर.

नंतर डोळे पुसून मी रागानेच विचारलं, "सर, तुमचा देव देह उठवतो म्हणता. आम्ही तर जाळलं. राख तेरेखोलच्या पाण्यात सोडली. आमचं काय?"

एरवी उत्तर तयार असायचं. त्या दिवशी ते आधी तासाला गेले. तास संपल्यावर परत आले. "विचार केला. मातीतून उचलणाऱ्याला पाण्यातून उचलता येणार नाही असं कुठे लिहिलेलं नाही. जास्त काम पडेल. पण काम त्याचं आहे."

"आणि आम्हाला परत यायचंच नसेल तर? आम्हाला सुटायचं असतं, सर."

"मग ते तुम्ही त्याच्याशी भांडा. मी मध्ये पडणार नाही."

सर निवृत्त झाल्यावर दीड वर्षात आंटी मेली. पोटाचा आजार, चार महिने. इगर्जीच्या दारावर मृत्यूचा कागद लावतात, त्यावर सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘माझी बायको मेली. दफन चार वाजता.’ खाली पुनरुत्थानाचं वचन वगैरे काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते त्याने सिद्ध करायचं आहे, मी नाही."

पण त्या दिवसापासून वाद हा वाद राहिला नाही, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. इतकी वर्षं ते एका परक्या माणसाच्या देहाबद्दल बोलत होते. आता आंटी परत दिसणार की नाही हा प्रश्न होता, आणि बाकी काही नव्हता. परबांनी डिवचणं बंद केलं. सरांना ते अजिबात आवडलं नाही. एकदा बाजारात परब भेटले तेव्हा सरांनी त्यांना धरलं. "काय हो, काश्मीरचं काय झालं? की माझी दया आली?" परब गडबडले. सर म्हणाले, "दया नको. वाद घाला."

आता त्या दिवसाबद्दल सांगते.

गावच्या दफनभूमीत जागा थोडी. म्हणून तीनेक वर्षं झाली की कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच खड्ड्यात पुढच्या माणसाला जागा देतात. कुणाची पाळी हे क्रमाने ठरतं. त्या वर्षी गावचा पोदेर मेला, मिंगेल, जो चाळीस वर्षं सायकलवर पाव घेऊन दारोदार फिरला. आणि क्रमाने पाळी आली ती आंटीच्या कबरीची. मिंगेलचं दफन दुपारी चारला. त्याआधी खड्डा रिकामा हवा.

सकाळी सहाला सरांचा फोन. "टीचर, मला एक नेटका माणूस हवा आहे. पेन्सिल घेऊन या." परबांनाही बोलावलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे होते. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरलेली, शेजारी पाण्याची बादली. त्यांनी माझ्या हातात फुलस्केपचे चार कागद दिले. रेघा मारलेले, अनुक्रमांक घातलेले. माणसाच्या शरीरातल्या दोनशे सहा हाडांची यादी, प्रत्येकापुढे एक चौकोन. "मी नाव घेईन. तुम्ही खूण करा. माझ्या हातात मिळाल्याशिवाय खूण नको."

खणणारा इनास हा गावचा म्हातारा माणूस. त्याने माती बाजूला केली, पेटीचं कुजलेलं लाकूड उचललं, आणि थांबला. आत मोरपिशी रंगाचा झगा होता. बटणं, चुण्या, कॉलर, जसाच्या तसा. आंटीने तो आजारात स्वतः शिवला होता. आयुष्यभर तिने नायलॉन आणि टेरिकॉटचं कौतुक केलं. इस्त्री नको, वर्षानुवर्षं टिकतं.

इनास खड्ड्यातूनच ओरडला, "सर, कितले फावटी सांगलां हांवें! मड्याक नायलॉन घालूं नाकात! सुती घालात! आनी तुमी बायोलॉजीचे सर!"

सर त्या झग्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "तिने सांगितलं होतं हाच घाला. मी विसरलो." नायलॉन कुजत नाही हे कुजणं शिकवणारा माणूस विसरला होता. मी दुसरीकडे पाहिलं.

पण त्या नायलॉननेच काम सोपं केलं. सगळं झग्याच्या आत पिशवीत ठेवल्यासारखं होतं. पायांची बारीकसारीक हाडं, बावन्नच्या बावन्न, तिच्या मोज्यांत मिळाली. इनासने ते पाहून मान हलवली आणि मोजे सरांच्या हातात दिले.

सर एकेक हाड हातात घेत, बादलीत धूत, नाव म्हणत आणि चादरीवर जागेवर ठेवत. आवाज वर्गातला. "डाव्या खांद्याचं हाड. इथे बघा, जुळून आलेली चीर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पडली होती. लोणच्याची बरणी वाचवायला गेली." मी खूण केली. "खालचा जबडा. ही दाढ काढायला मी सांगत होतो." खूण. कानांतली सहा चिमुकली हाडं कवटीतच राहतात, ती हलवायची नाहीत असं म्हणाले. तिथे मी त्यांच्या शब्दावर सहा खुणा केल्या. एवढीच सवलत.

एक वाजला. चादरीवर आंटी जवळजवळ पूर्ण झाली होती. फक्त हातांची राहिली. हात छातीवर जोडून ठेवलेले असल्याने ती हाडं झग्याच्या वर, मातीत पडली होती. डावा हात सापडला. उजवा सापडला. सरांनी मोजलं, परत मोजलं.

"उजव्या मनगटात आठ असतात. सात आहेत. करंगळीच्या बाजूचं, वाटाण्याएवढं असतं, ते नाही."

इनासने माती चाळली. नाही. सर स्वतः खड्ड्यात उतरले, गुडघ्यांवर बसून बोटांनी ढेकळं फोडू लागले. पांढरा शर्ट तांबडा झाला. दोन वाजले. मिंगेलचा मुलगा फाटकाशी येऊन उभा राहिला, बघून गेला. अडीच वाजता परत आला. त्याला पाहून इनास खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, म्हाका फोंड साफ करूंक जाय. लोक येतले."

सरांनी ऐकलं नाही. हात चालूच.

तेव्हा परब बोलले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जुना खोचकपणा होता, किंवा त्यांनी तो आणला होता. "सर, राखेतसून माणूस उभो करणारो तुमचो देव. एकोणीस वर्सा आयकतय. तेका एक वाटाणो गावाचो नाय?"

मला वाटलं, हे बोलायला नको होतं. इनासनेही मान खाली घातली.

सरांनी वर पाहिलं. चष्म्यावर माती, आणि चेहरा असा की मी तो आधी फक्त वादात पाहिला होता. "त्याला सापडेल, परब. त्याबद्दल मला शंका नाही. उठवणं त्याचं काम. पण तिला नीट पोचती करणं माझं होतं. त्याला जमतं म्हणून मी माझं काम अर्धं सोडू?"

परबांनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कबरीत उतरले. त्यांच्या घरी कोणी सुतकाच्या घरचं पाणीही पीत नाही, हे मला माहीत होतं. "सरकात बाजूक," ते म्हणाले. "तुमका चष्म्यातसून दिसणा नाय. मी घराक गेल्यार न्हाईन."

दोघे पाऊण तास माती चाळत राहिले. हाड सापडलं नाही. गावातून बँडचा आवाज येऊ लागला, मिंगेलची मिरवणूक निघाली होती.

सर वर आले. हात धुतले. माझ्याजवळ येऊन यादी मागितली, शेवटचा रिकामा चौकोन पाहिला आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "खूण करा, टीचर. कोण बघतंय."

मी म्हटलं, "नाही."

"एकच आहे."

"तुमच्या हातात मिळाल्याशिवाय खूण नको, असं तुम्हीच सांगितलंत. सापडलं नाही ते सापडलं नाही. तुम्हीच आयुष्यभर आमच्याकडून मेलेल्याला मेला म्हणवून घेतलंत, सर. आता मी खोटं लिहिणार नाही."

मी इतकं कडक बोलेन असं मला वाटलं नव्हतं. पण सर एकदम ताठ झाले, जणू तास सुरू झाला. "बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. द्या इकडे." माझ्या पेन्सिलीने त्यांनी त्या चौकोनापुढे दोन शब्द लिहिले: ‘इथेच आहे.’ मग चादर बांधली आणि परबांच्या मदतीने कोनाड्यात ठेवली.

बरोबर चारला मिंगेलची पेटी आली. अख्खा गाव मागे. सर मातीने माखलेल्या शर्टात तिथेच उभे राहिले. घरी जाऊन कपडे बदलायला तयार नव्हते. पाद्रींनी प्रार्थना म्हटल्या. दोऱ्या लावून पेटी खाली जाऊ लागली. ती तळाला टेकली तशी सर पुढे झाले, पाद्रींच्या आणि मिंगेलच्या घरच्यांच्या मधून, अगदी कडेपर्यंत. वाकून, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी पेटीला सांगितलं:

"मिंगेल, तुज्याकडेन म्हज्या बायलेचें एक हाड उरलां. उजव्या हाताचें. वाटाण्याएदें. उठतना घेवन यो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पण मिंगेलचा मुलगा, जो दुपारी दोनदा फाटकाशी येऊन गेला होता, तो सरांच्या शेजारी आला, मूठभर माती उचलली आणि अगदी सरळ, रोजचा निरोप घ्यावा तसा म्हणाला, "हाडटलो, सर." म्हणजे आणील. "चाळीस वर्सां पाव घातलो ताणें. एक घर चुकोवंक ना."